जर्मनीच्या गाड्या आणि बिनडोळ्यांचे गणपती

जर्मनीत मी कधी पाय ठेवलेला नाही, पण तिथल्या दहा-अकरा लाइनींवर मी गाडी चालवली आहे. कॉम्प्युटरवर. हे सांगितलं की लोक हसतात. रामवाडीच्या नाक्यावर एकजण जरा जास्तच हसला होता, त्याचा मी दात पाडला. त्या दाताचं मला आजही काही वाटत नाही. वाटतं ते माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताचं. ती गोष्ट मी आजवर कुणाला खरी सांगितलेली नाही.

मी रोह्याला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आहे. पेणहून सकाळची गाडी पकडायची, कासू, नागोठणे, निडी, रोहा, आणि शिफ्ट सुटली की तेच उलटं. वीस वर्षं हेच चाललंय. डोळे बांधून बसवलं तरी गाडी कुठे हिसका देते, कुठे वळते, कुठे खाडीचा वास येतो, ते मी सांगेन. असा माणूस घरी येऊन पोटमाळ्यावर चढतो आणि पुन्हा गाडीच चालवत बसतो, हे दादाच्या डोक्यात कधी शिरलं नाही. "रेल्वेत नाय घेतला तुला, त्याचा राग काढतोस का रं?" असं तो विचारायचा. मी खरंच दोनदा रेल्वेची परीक्षा दिली होती आणि दोनदा नापास झालो होतो, त्यामुळे हे वर्मी लागायचं.

आता त्या लाइनींबद्दल. जर्मनीच्या सगळ्या लाइनी सारख्याच, अशी तक्रार हा गेम खेळणारे नेहमी करतात. तक्रार खरी आहे, पण निम्मीच. तीच लाल दुमजली गाडी, तेच करडे फलाट, निळ्या पाटीवर तीच पांढरी अक्षरं, स्टेशनाबाहेर तेच उतरत्या छपराचं घर आणि घरामागे तेच सुरूसारखं उंच झाड. बनवणाऱ्यांनी एक घर केलं आणि गावोगाव तेच उठवलं. फलाटावरची माणसंसुद्धा मोजकीच. तपकिरी कोटातली एक बाई मला एकाच लाइनीवर सतरा स्टेशनांत भेटली. ती पापणी हलवत नाही. एका जलद लाइनीवर तर बोगदा, पूल, बोगदा, पूल, असं पाऊण तास चालतं. माणूस शिव्या घालायला लागतो.

उरलेली निम्मी गोष्ट मात्र खेळल्याशिवाय कळत नाही. राईन नदीच्या काठाने जाणारी लाइन वळणावळणाची आहे, वर द्राक्षांचे उतार, त्याच्या वर किल्ले, आणि तुम्ही किल्ल्याकडे बघत राहिलात तर वेग हाताबाहेर जातो. दक्षिणेत जंगलातून डोंगर चढणारी एक लाइन आहे. त्या चढावर भरलेली मालगाडी एकदा थांबली की पुन्हा हलवताना घाम फुटतो, आणि पाऊस असला तर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणजे घर तेच, झाड तेच, पण खालची जमीन वेगळी, आणि गाडी जमिनीवरून चालते, झाडावरून नाही. शिवाय तिथल्या गाडीत चालवणाऱ्याच्या पायाखाली एक पेडल असतं. दर अर्ध्या मिनिटाला ते सोडून पुन्हा दाबायचं. नाही दाबलं तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही नाही दाबलं तर गाडी आपणहून ब्रेक मारून उभी राहते. चालवणारा शुद्धीवर आहे की नाही, हे गाडी विचारत राहते. आमच्या घरातल्या पुरुषांना असं काही बसवलेलं असतं तर बरं झालं असतं.

दादा सहज म्हणून एकदाच पोटमाळ्यावर आला होता. मी तेव्हा अगदी उत्तरेची एक लाइन लावली होती. तिथे समुद्रात बांध घातलाय आणि बांधावरून गाडी पलीकडच्या बेटावर जाते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि चिखल. दादा बघतच राहिला. "ह्यो तं आपल्या खारातला बांध!" म्हणाला. आमच्या आईचं माहेर खाडीकाठचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. लहानपणी ती आम्हा दोघांना तिथल्या बांधावरून चालवत न्यायची, एका अंगाला भरतीचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरं. दादा रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला आणि बेट येईपर्यंत उठला नाही. मग म्हणाला, "आई असती तं तिला दाखवला असता." त्यानंतर तो वर आला तो भांडायलाच.

घराच्या खालच्या भागात आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. मूर्ती साच्यातून काढायची, घासायची, पांढरा हात मारायचा, अंगाचा रंग, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्यांच्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. बाकी सगळं साचा करतो, आखणी मात्र हाताने. ती दादा करायचा. तरणा असताना मीही करायचो, आणि मला दादापेक्षा बरी जमते असं आईचं मत होतं. कंपनीत लागल्यावर मी ब्रश खाली ठेवला. का, असं कुणी विचारलं की सांगायचो, "तेच तेच डोळे, वीट आला." आणि हे सांगून वर जायचो आणि जर्मनीतले तेच तेच फलाट बघत बसायचो. दादा हे तोंडावर बोलायचा. खरं असल्यामुळे ते जास्तच झोंबायचं.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. डोळे आखलेले नाहीत तोवर ती माती. तिच्यासमोर तंबाखू मळा, शिवी द्या, कोण विचारतंय. डोळे आखले की तो देव. त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही आणि हात तर उचलायचाच नाही. बापाने ही रीत जन्मभर पाळली, पण आपल्या पद्धतीने. आमचा बाप तापट होता असं म्हणणं म्हणजे खाडीला डबकं म्हणणं. माती कुटायची लाकडी मोगरी होती, तिने तो आईला मारायचा. रंग पातळ झाला म्हणून, गिऱ्हाइकासमोर हसली म्हणून, कधी कधी काहीच घडलं नाही म्हणून. पण आखलेल्या मूर्तींसमोर नाही. त्याचा श्वास बदलला की आईला कळायचं, आणि ती पहिलं काय करायची, तर कोपऱ्यातली जुनी चादर उचलून आखलेल्या मूर्तींवर टाकायची. मग बाप मारायचा. स्वतःच्या मारासाठी आई अशी जागा करून द्यायची. आम्ही दोघं भाऊ रंगाच्या डब्यांमागे बसून बघायचो. पुढे दादाचं लग्न झाल्यावर वहिनीनेही हे दारातून बघितलं.

एकदा आईला उशीर झाला. चादर तिच्या हातातच होती आणि मोगरी कानशिलावर बसली. रक्त मानेवरून पदरात उतरलं. तेव्हा बापाचं लक्ष गेलं की समोर आठ-दहा गणपती डोळे उघडे ठेवून बघतायत. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर फाडफाड मारून घ्यायला लागला. माफी त्याने मूर्तींची मागितली, आईची नाही. त्या कानाने तिला पुढे कधी ऐकू आलं नाही.

बाप गेला, आई गेली, आणि राग माझ्या वाटणीला आला. दादाच्या वाटणीला तो आलाच नाही. मी खिडकीच्या जागेवरून झालेल्या भांडणात नागोठण्याच्या अलीकडे एकाला कॉलर धरून चालत्या गाडीच्या दारापर्यंत फरफटत नेलं आहे. गेममध्ये सिग्नल चुकला म्हणून तीन कीबोर्ड भिंतीवर फोडले आहेत. लग्नही झालं होतं, बायको जवळच्याच गडब गावची. दोन वर्षं राहिली. एक दिवस तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला आणि ती दोन पिशव्या घेऊन तिच्यात बसली. तिचा ओठ सुजला होता आणि सगळी आळी बघत होती. मी वर बसून गाडी चालवत होतो.

राग फारच चढला की मी मुद्दाम गाडी शेवटच्या स्टेशनात पूर्ण वेगाने घालायचो. फलाटाच्या टोकाला अडसर असतो, त्यावर नेऊन आदळायची. पडदा काळा होतो. मग पुन्हा पहिलं स्टेशन, तीच लाल गाडी, तीच तपकिरी कोटातली बाई, कुणाला खरचटलेलंसुद्धा नाही. मला हे फार आवडायचं.

तो श्रावणातला दिवस होता. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. खाली तीनशेच्या वर मूर्ती रंगून उभ्या होत्या आणि एकीलाही डोळे नव्हते, कारण आखणी करणारा दादा एकटा आणि त्या वर्षी तो पंधरा दिवस तापाने पडला होता. मी फर्स्ट शिफ्ट करून आलो, आंघोळ केली, वर गेलो आणि राईनकाठची लाइन लावली. "आज तरी ब्रश धर, मला एकट्याला होणार नाय," दादा खालून ओरडला. मी गेमचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने शिडी वाजली.

आमच्या पोटमाळ्याला खालून शिडी आहे आणि वर जमिनीतच एक चौकोनी झाकण होतं, जाड सागवानी फळ्यांचं, बापाने केलेलं. उघडलं की ते मागे खांबाला टेकून उभं राहायचं. त्या चौकोनातून दादाचं डोकं आणि खांदे वर आले.

"आज परत तीच नदी?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला येवढंच कळतं, का तुझ्या जर्मनीत घर बी तेच, झाड बी तेच, बाई बी तीच. ते तुला रोज बघायला चालतं. आन् आपल्या देवाचे डोळे आखायला वीट येतो."

"खाली जा, दादा."

"तीनशे देव आंधळे उभे हायत खाली. जाऊन बघ जरा."

"खाली जा, सांगतोय."

मग तो ते बोलला. ओरडून नाही, उलट आवाज खाली आणून. "बायको गेली तुझी ती सुटली. तू बापाच्याच साच्यातला. रंग तेवढा नवीन."

एवढं बोलून तो उतरायला लागला. डोकं खाली गेलं. उजवा हात तेवढा आधाराला चौकटीवर राहिला.

झाकण निसटलं, असं पुढे सगळ्यांना सांगण्यात आलं. निसटलं नव्हतं. मला त्याचा हात दिसत होता, चार बोटं चौकटीवर आणि नखांत पांढरा रंग. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हातांनी झाकण पुढे ओढलं, पाडलं आणि वर पाय दिला. हाड मोडलं की काटकी मोडल्यासारखा आवाज येतो म्हणतात. तसा नाही आला. काथ्याची भिजलेली जुडी दगडावर आपटावी तसा आला. दादा ओरडलासुद्धा नाही, खालून नुसती हवा निघाल्यासारखं ऐकू आलं. मी पाय काढला नाही. मागे गेम चालूच होता. पेडल दाबणारं कुणी नव्हतं, म्हणून भोंगा वाजला, मग ब्रेक लागले आणि नदीकाठी गाडी उभी राहिली. गाडी थांबल्यावर मी पाय काढला. म्हणजे तोवर माझा पाय माझ्या भावाच्या हातावर होता, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

वहिनीने शिडीखाली दादाला झेललं. मूर्ती पुसायचं फडकं तिने हाताभोवती गुंडाळलं, ते लाल झालं, मग दुसरं गुंडाळलं, तेही झालं. तिने माझ्याकडे एकदा वर बघितलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "झाकण निसटलं." आईही असंच सांगायची, पाय घसरला, खांबावर आपटले. ते ऐकून मला दादाच्या पायावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी त्याला आणखी एक ठेवून द्यावीशीही वाटली, कारण तो मला सोडवत होता. हाताला प्लास्टर घातलं. दोन बोटं सरळ होतील, दोन वळलेलीच राहतील, असं डॉक्टर म्हणाले.

"ब्रश धरता येल?" दादाने एवढंच विचारलं.

"जेवता येईल," डॉक्टर म्हणाले.

मी कंपनीत सुट्टी टाकली आणि आखणीला बसलो. हे मला कुणी सांगितलं नाही. दादा शेजारी पाटावर, प्लास्टरचा हात गळ्यात. पहिल्या दिवशी मी वीस मूर्ती आखल्या. त्याने एकेक बघितली आणि म्हणाला, "पूस."

"का?"

"चिडलेत सगळे."

मी बघितलं. खरंच चिडले होते. भुवई जराशी उतरली होती, एवढ्यानेच. सगळे पुसले. दुसऱ्या दिवशी हात हलका ठेवला. दादा म्हणाला, "आता भ्यालेत." तेही पुसले. तिसऱ्या दिवशी तो काहीच बोलला नाही, म्हणजे जमलं. मग मी सकाळी बसायचो तो दिवेलागणीला उठायचो. साचा एकच, पण केसभर रेघ इकडची तिकडे झाली की एक गणपती हसायचा आणि दुसरा विचारात पडायचा. दोन जोड्या सारख्या आल्या नाहीत. घर तेच पण जमीन वेगळी, असं मी जर्मनीच्या लाइनींबद्दल दादाला पटवायला बघत होतो, आणि तो मला मूर्तींबद्दल वीस वर्षं तेच सांगत होता. एकाने दुसऱ्याचं ऐकलं असतं तर हात वाचला असता. हे मी त्याला बोलून दाखवलं. "ब्रश धू, रंग सुकतोय," तो म्हणाला.

ते झाकण मी बिजागरीसकट उपटलं, कुऱ्हाडीने फोडलं आणि बंबात घातलं. चार दिवस त्यावर आंघोळीचं पाणी तापलं. गेम सोडला नाही, पण गाडी अडसरात घालणं सोडलं. गडबला जाऊन बायकोची माफी मागावी, असंही मनात यायला लागलं. त्या पंधरा-सोळा दिवसांत मी कुणावर हात उचलला नाही, साधी शिवीसुद्धा तोंडात आली नाही. थोडक्यात मी सुधारलो होतो, आणि ते घरच्यांना दिसत असेल असं मी धरून चाललो होतो.

चतुर्थीच्या चार दिवस आधीची दुपार. आखलेल्या मूर्ती तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर उभ्या होत्या, माझ्यासमोर शेवटच्या पाच-सहा राहिल्या होत्या. वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. एका मूर्तीचा डावा डोळा खाली गेलाय असं दादा म्हणाला. मी म्हटलं, नाही गेला. तो म्हणाला, गेलाय, बघ नीट. मी म्हटलं, नाही गेला म्हणतो ना! आवाज चढला असेल. मला तरी चढल्यासारखा वाटला नाही. वरच्या पंख्याने ब्रशवरचा रंग सुकत होता, म्हणून मी उठलो आणि पंख्याच्या बटणाकडे हात वर केला. बटण भिंतीवर आहे, दादा बसतो त्याच्या डोक्यामागे.

सूप पडल्याचा आवाज आला. तांदूळ सगळ्या जमिनीवर उधळले आणि वहिनी त्यावरून धावली. मला वाटलं, ती दादाच्या आड येऊन उभी राहील. ती कोपऱ्यात गेली. तिने जुनी चादर ओढली आणि आखलेल्या मूर्तींवर टाकली, एक टोक धरून, बरोबर आई टाकायची तशी. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. धाप लागली होती तिला.

"मारा आता, भावोजी," ती म्हणाली. "पन ह्यांच्या त्या हाताला नको."

"अगो, पंखा!" दादा म्हणाला. "पंखा बंद करतोय तो."

मी बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. चादर काढायला मी एक पाऊल पुढे टाकलं तर वहिनी भिंतीच्या कडेने आणखी मागे सरकली, म्हणून मी होतो तिथेच खाली बसलो. चादर दादाने काढली, डाव्या हाताने.